खोकले मोजणारे किसनराव

किसनरावांसमोर खोकायची सोय नव्हती. साधा ठसका लागला तरी माणूस पकडला जायचा. हातातलं काम टाकून ते वळायचे, खिशातून शिसपेन्सिलीचा तुकडा काढायचे आणि सुरू व्हायचे. किती दिवसांपासून? कोरडा का कफाचा? सकाळी जास्त का दिवेलागणीला? आणि शेवटी तो ठरलेला प्रश्न, ज्यानं समोरचा हमखास बुचकळ्यात पडायचा: घराचं दार कोणत्या दिशेला आहे? एकदा माझ्याच घशात लाडवाचा कण अडकला, तर मलाही विचारलं. मी म्हटलं, लाडवाला कुठली आली दिशा? ते हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं मात्र. काय लिहिलं देव जाणे.

ही गोष्ट मंगरूळपीरची, पन्नास सालानंतरच्या पाच-सहा वर्षांतली. मी तिथल्या दवाखान्यात नर्स होते, म्हणजे मुख्य काम बाळंतपणांचं. किसनराव देवी डॉक्टर. आता हे नातवंडांना फोड करून सांगावं लागतं. देवी म्हणजे तो तोंडावर वण ठेवून जाणारा रोग, आणि त्याची लस टोचत गावोगाव फिरणारा माणूस तो देवी डॉक्टर. शिक्षण सातवीपर्यंत, पण दंडावर टोचतो तो डॉक्टर, असा लोकांचा साधा हिशेब. उंच, किडकिडीत माणूस. मान कायम थोडी पुढे, कोणी हाक मारली की काय असं वाटावं अशी. सायकलच्या मागे लशीची पत्र्याची पेटी, आणि पुढे हँडलला तांबड्या कापडाची एक चिंधी बांधलेली. ती चिंधी शोभेची नव्हती. वारा कुठून कुठे चाललाय ते त्यांना सायकलवर बसल्या बसल्या दिसायला हवं असायचं.

नाक तर असं होतं की मी तसं दुसरं पाहिलं नाही. एकदा इंझोरीला लसटोचणीला आम्ही बरोबर गेलो होतो, मी बैलगाडीत आणि ते बाजूनं सायकलवर. गाव अजून दोन शेतं लांब होतं. सायकल थांबवून त्यांनी बोट ओलं केलं, वर धरलं, नाक वर केलं आणि सांगितलं की पाटलांकडे आज ओली बाभूळ जाळतायत, बाकी गावात पऱ्हाटी आहे. कापूस वेचून झाला की जी वाळकी झाडं उरतात ती पऱ्हाटी. आमच्याकडे तेच सरपण. मी मनात म्हटलं, बढाई आहे झालं. पाटलांच्या वाड्यामागं जाऊन बघते तर ओल्या बाभळीचा ढीग, आणि सून डोळे पुसत फुंकणीनं फुंकून राहिलेली.

त्याच इंझोरीत त्यांनी पहाटे देवळाच्या ओट्यावर बसून गावाचे खोकले मोजले होते. ही त्यांची पद्धत. गाव जागं होताना माणूस आधी खोकतो, मग बोलतो, असं त्यांचं म्हणणं. कोणत्या घरातून किती आवाज आले ते लिहायचं, मग उजाडल्यावर घरोघर ओसरीवर जाऊन घरच्या कर्त्या माणसाला विचारून ताडून पाहायचं. गावात आधी कुजबुज झाली की हा लेव्हीचा, म्हणजे सरकारी धान्यवसुलीचा, माणूस आहे. मग कळलं की खोकला मोजतोय, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. एका म्हाताऱ्यानं तर पाहुण्याचा मान म्हणून चार वेळा जोरात खोकून दाखवलं. किसनरावांनी ते चारही लिहिले आणि पुढे कंस करून लिहिलं, 'खोटे'.

हसायला येतं ना? आम्हीही हसायचो. पण त्यांच्या त्या मोजणीमागं काय होतं ते मला माहीत होतं, म्हणून माझं हसू फार टिकायचं नाही.

आमच्या गावाबाहेर एक जिनिंग होती, सरकी काढून रुई वेगळी करणारा कारखाना. नाव सांगत नाही, मालकाची माणसं अजून आहेत. दिवाळीनंतर ती सुरू व्हायची. उंच धुराडं, दिवसभर काळा धूर, आणि रुईचे बारीक तंतू हवेत इतके उडायचे की पूर्वेकडच्या आळीत वाळत घातलेल्या लुगड्यांवर लव आल्यासारखं दिसायचं. किसनराव आधी त्याच आळीत राहायचे. ते, त्यांची बायको वच्छलाबाई आणि तीन वर्षांची बेबी. बेबीला दोन हिवाळे खोकला राहिला. तिसरा हिवाळा तिनं पाहिला नाही. आमच्या दवाखान्यातले डॉक्टरसाहेब म्हणाले, निमोनिया. किसनरावांनी ऐकून घेतलं. हजारो पोरांच्या दंडावर लस टोचून त्यांना मरणापासून राखणारा हा माणूस, आणि स्वतःच्या पोरीला कशापासून राखायचं हेच त्याला कळलं नव्हतं. तो घाव त्यांना बोलू द्यायचा नाही.

आठवड्याभरात त्यांनी ती आळी सोडली आणि गावाच्या पश्चिम टोकाला घर घेतलं. वारा हिवाळाभर पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, हे त्यांनी चिंधी बघून पक्कं केलं होतं. एवढ्यावर भागलं नाही. वारा एखाद्या दिवशी फिरला तर? म्हणून त्यांनी घराची एकूण एक फट लिंपून काढली. कवेलूंमधल्या, म्हणजे कौलांमधल्या, भेगांत चिंध्या कोंबल्या. सैपाकघराच्या छपरात धूर जायला एक झरोका होता, त्यावर पत्रा ठोकला आणि वरून शेणमाती थापली. बाहेरचं काहीही आत येता कामा नये. मला बोलावून सगळं दाखवलं. "बाई, आता हिले काई होत नाई पाहा," वच्छलाबाईकडे बघत म्हणाले. मी कौतुक केलं. खरंच कौतुक वाटलं होतं मला, खोटं कशाला सांगू.

वच्छलाबाई बुटकी, चपळ, बोलायला लागली की थांबायची नाही अशी बाई. तिच्या हातची ज्वारीची भाकरी पातळ आणि ताटभर मोठी. बेबी गेल्यावर ती बोलायची कमी झाली, ते समजण्यासारखं होतं. पण नव्या घरी गेल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात मी एकदा सहज तिच्याकडे गेले, तर ती सैपाकघरात चुलीपुढे दोन्ही हात जमिनीला टेकून बसलेली, पदराचा बोळा तोंडात, आणि पाठ नुसती हलत होती. आवाज नाही. खोकला आतल्या आत दाबायचं कसब ती सासरी शिकली होती. आमच्याकडे सासऱ्या-दिरासमोर सून मोठ्यानं खोकत नाही. सासरा वारून वर्षं झाली, सवय राहिली.

मी म्हटलं, हे कधीपासून? किसनरावांना ठाऊक आहे का? तिनं माझा हात धरला.

"त्याइले सांगू नोका बाई. माही शपत हाय तुमाले. पोरगी गेल्यापासून त्याइचं काळीज तुमी पाह्यलं ना? माहा खोकला आयकला तं ते जित्तेच मरतीन."

मी शपथ घेतली. बाईनं बाईला दिलेला शब्द, तो मोडायचा नसतो, असं मला तेव्हा वाटायचं. दवाखान्यातून खोकल्याचं औषध साध्या बाटलीत भरून मी पदराखालून तिला पोचवू लागले. ते सायकलची घंटी वाजवत आले की ती परसात जायची, तोंडावर पाणी मारायची, गुळाचा खडा चघळायची आणि हसत पुढे यायची. सगळ्या तालुक्याचे खोकले ऐकणारा माणूस, आणि त्याच्याच घरात हा लपाछपीचा खेळ. मला भीती वाटायची. दर वेळी तिचा हात जरा जास्त हलका लागायचा.

इकडे किसनरावांनी दवाखान्याच्या मागच्या पडवीत गाव मांडायला घेतलं.

जुनं मोडकं दार आडवं टाकलं, त्यावर काळी माती, आणि त्या मातीची घरं. प्रत्येक आळी, प्रत्येक गल्ली, दर्ग्याकडचा रस्ता, विहिरी, सगळं आपापल्या जागी. घरांना सुटी, उचलता येणारी मातीचीच छपरं. पश्चिमेचा उंचवटासुद्धा बोटानं दाबून दाबून बरोबर केला होता. जिनिंगच्या जागी बांबूची नळी उभी केली, तिच्या बुडाशी धुमसत्या गोवरीचा तुकडा. आणि ज्या घरात खोकणारा सापडला त्या घरात ज्वारीचा एकेक पांढरा दाणा. हे करायला त्यांना एक अख्खा हिवाळा लागला. टोचणीचं काम चुकवलं नाही, जेवणं मात्र चुकवली. मग दाराच्या एका टोकाला उभं राहून ते सूप हलवायचे, हळू, हिवाळ्यातल्या वाऱ्याइतकंच, आणि बांबूतून निघालेला धूर मातीच्या गावावरून वाहत जायचा. जिथे तो खाली बसायचा, तिथे दाणेच दाणे. पूर्वेची आळी तर पांढरी झाली होती. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नकळत पदर नाकाला लावला. जे आपण रोज नाकानं ओढतो ते असं डोळ्यांना दिसेल असं मला वाटलं नव्हतं.

पण एक गोष्ट त्यांना कुरतडत होती. पश्चिमेलाही दाणे होते. पूर्वेइतके नाहीत, पण होते. जिथे धूर जातच नव्हता तिथे. किसनराव ते दाणे उचलायचे, परत त्या घरी जाऊन विचारून यायचे आणि मुकाट्यानं पुन्हा तिथेच ठेवायचे. पुसून टाकायचा मोह त्यांना झाला नसेल असं नाही, पण तो माणूस तसा नव्हता. खोट्या खोकल्याला 'खोटे' लिहिणारा, तो खऱ्याला कसा लपवणार? दुपारी मी चहा घेऊन गेले की ते त्या दाण्यांकडे बघत बसलेले असायचे. "हे इकडे काहून?" एवढंच. मला नाही, स्वतःलाच विचारल्यासारखं.

शेवटी त्यांनी डॉक्टरसाहेबांच्या ओळखीनं जिनिंगच्या मॅनेजरला बोलावलं. धुराडं उंच करा आणि रुईच्या खोलीला जाळी बसवा, एवढंच मागणं होतं. मॅनेजर आला. काळी टोपी, हातात छत्री, बोलणं सभ्य. माणूस वाईट नव्हता. त्यानं सगळं नीट पाहिलं, सूप दोनदा हलवायला लावलं, धूर जातो तिकडे वाकून पाहिलं. मग छत्रीचं टोक पश्चिमेकडच्या दाण्यांवर ठेवलं आणि शांतपणे विचारलं की आमचा धूर इकडे येत नाही हे तुम्हीच दाखवलंत, मग ही माणसं कशानं खोकतात? तुमचा खोकला धुराशिवायही होतो म्हणायचं. किसनरावांच्या हातातलं सूप तसंच राहिलं. डॉक्टरसाहेबांनी घड्याळ पाहिलं. मॅनेजर नमस्कार करून गेला.

पडवीत आम्ही दोघंच उरलो. ते खाली बसले. मग म्हणाले, "बाई, माह्यं चुकलं कुठी?"

मी त्या पश्चिमेकडच्या घरांकडे बघत होते. आणि मला एकदम उमगलं की ही सगळी घरं मला आतून माहीत आहेत. प्रत्येक घरात मी बाळंतपणं केली होती. बाळंतिणीची खोली म्हणजे सैपाकघराला लागून, आणि सैपाकघर म्हणजे चार भिंती आणि एक चूल. नवी वस्ती, स्वस्तात बांधलेली, छपराला झरोका नाहीच. प्रत्येक घरातून मी डोळे चोळत, खोकत बाहेर आले होते आणि दर वेळी बाहेरच्या हवेत ते विसरूनही गेले होते. ते दाणे होते चुलीपाशी शेकत बसणाऱ्या म्हाताऱ्यांचे, आणि आईच्या कडेवरच्या पोरांचे. मग त्या पोरांच्या आया?

"तुमी इचारलं कोनाले?" मी म्हटलं. "ओसरीवर बसला त्यालेच ना?"

"मंग कोनाले इचारू? घरचा मानूस तोच."

"तो सैपाकघरात बसते का?"

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. परपुरुष सैपाकघरात जात नाही, बाईला तिचा खोकला विचारत नाही, ही रीतच. आणि घरच्या माणसाला बायकोचा खोकला ऐकू येत नाही, कारण ती तो ऐकू देत नाही. अख्ख्या तालुक्याच्या मोजणीत एकाही चुलीपुढच्या बाईचा दाणा नव्हता. हिवाळाभर मी ते मातीचं गाव बघत होते, बाई असून माझ्याही लक्षात आलं नाही.

मी चिमट्यानं बांबूखालचा गोवरीचा निखारा उचलला. पश्चिमेच्या टोकाचं शेवटचं घर होतं त्याचं छप्पर काढलं, निखारा आत ठेवला, छप्पर परत बसवलं. थोडा वेळ काही दिसलं नाही. मग छपराच्या कडांतून, दाराच्या बारक्या भोकातून धूर पाझरू लागला, दाट, पिवळसर. वर जायला त्याला वाटच नव्हती. किसनराव सूप हलवायला उठले, सवयीनं. मी म्हटलं, नका हलवू, इथे वारा लागत नाही.

ते घर त्यांचंच होतं. त्यांना ते कळायला क्षणभर वेळ लागला. मी शेजारी ठेवलेल्या त्यांच्याच वाटीतून ज्वारीचा एक दाणा घेतला आणि त्या घराच्या उंबऱ्यात ठेवला. माझी शपथ तिथं मोडली.

त्यांनी मला काही विचारलं नाही. किती दिवसांपासून, कोरडा का कफाचा, काही नाही. सायकल तिथेच ठेवून ते चालत निघाले, मग पळू लागले. मी मागं मागं गेले, पण त्यांना गाठता आलं नाही. मी पोचले तेव्हा भर उन्हात ते छपरावर चढलेले होते आणि झरोक्यावरचा पत्रा कुदळीनं उचकटत होते. पत्रा निघेना, तेव्हा हातांनी कवेलू फोडायला लागले. खाली वच्छलाबाई अंगणात उभी, तोंडावर पदर, डोळे विस्फारलेले. छपराला भोक पडलं आणि आतला धूर एकदम उसळून त्यांच्या तोंडावर आला. ते तिथेच बसून रडले. शेजारची माणसं बघत होती, त्याची त्यांना पर्वा नव्हती. वच्छलाबाई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "सांगतलंच ना तुमी." रागानं नाही म्हणाली. मला ते अजून लागतं.

डॉक्टरसाहेबांनी छाती तपासली. क्षय नव्हता, पण धुरानं छाती आखडून गेली होती. उन्हाळाभर ती बरी राहिली. अंगणात चूल मांडली, रंग जरा परतला, बोलणंही परतलं. पुढच्या हिवाळ्यात गारठा पडला तशी ती पुन्हा अंथरुणाला खिळली, आणि संक्रांतीच्या आधी गेली. किसनराव दोष फक्त स्वतःला द्यायचे, की आपण बाहेरचा धूर अडवत बसलो आणि आतला कोंडून ठेवला. मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. मी पहिल्याच दिवशी शब्द मोडला असता तर तिला आणखी एक हिवाळा तरी मिळाला असता, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते कळत नसेल असं मात्र मला वाटत नाही.

जिनिंगचा धूर काही खोटा नव्हता, हेही सांगायला हवं. ते अर्ज लिहीत राहिले, पूर्वेची आळी खोकत राहिली, आणि धुराडं होतं तेवढंच राहिलं. पडवीतल्या गावाला पुढच्या पावसाळ्यात गळक्या छपराचं पाणी लागलं आणि त्याचा चिखल झाला. काही दाण्यांना कोंब फुटले. ते कोणी उपटले नाहीत.

माझी बदली झाली. पुढे काही वर्षांनी रिसोडच्या वाटेवर केनवडला मोटार थांबली, कंडक्टरनं सांगितलं पाणी घालायचं आहे, अर्धा तास लागेल. मी खाली उतरले. रस्त्यालगतच्या एका घराला टेकवलेली सायकल दिसली, हँडलला तांबडी चिंधी. वर पाहिलं तर किसनराव त्या घराच्या छपरावर. लशीची पेटी खाली ओसरीवर, शेजारी घरचा मालक आणि त्याचा म्हातारा बाप माना वर करून तोंड उघडं टाकून बघतायत. किसनरावांनी चार कवेलू काढून बाजूला रचली होती आणि त्या जागी पत्र्याच्या डब्याचं नळकांडं बसवत होते. केस सगळे पांढरे झाले होते. मी हाक मारणार होते, पण ते त्या भोकाशी कान लावून पालथे पडले, आणि मी थांबले.

आत सून भाकरी करत असावी. तव्याचा आवाज येत होता. बाहेर सासरा बसलेला, त्यामुळे दुसरा कुठलाही आवाज नव्हता.

किसनराव त्या भोकात तोंड घालून म्हणाले, "माय, खोकला आला तं दाबू नोको. मोठ्यानं खोक. मी आयकून राह्यलो."

म्हातारा सासरा काहीतरी पुटपुटला आणि उठून उभा राहिला. मोटारीचा भोंगा वाजला. मी पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात आतून पहिला खोकला आला, बारीक, चोरटा; आणि मग दुसरा, चांगला मोकळा. छपरावर पडल्या पडल्या किसनरावांनी खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला.